लाइन खिशात

१

नत्थूजी वायरमन कामाला हात घालण्याआधी एक गोष्ट न चुकता करायचा. मेन बोर्डावरचा चिनीमातीचा पांढरा फ्यूज ओढून काढायचा, कुडत्याच्या उजव्या खिशात टाकायचा, वरून एक थाप मारायची आणि मोठ्यानं म्हणायचं, "लाइन खिशात!"

फ्यूज खिशात, म्हणजे घरात वीज नाही. आपला हात तारेवर असताना मागून कोणी बटन दाबलं तरी जीव जाणार नाही. ही रीत त्याला कोणा उस्तादानं शिकवली नव्हती. ती त्यानं आणि रुपरावनं मिळून पाडली होती. दोघांची बावीस वर्षांची जोडी. नत्थूजी बोर्डापाशी उभा राही आणि रुपराव आतल्या खोलीत, जिथं दिवा नाहीतर पंखा लागायचा तिथं, स्टुलावर. इकडून आवाज जाई, "लाइन खिशात!" तिकडून येई, "ऐकलं!" आणि ऐकलं म्हटल्याशिवाय रुपराव तारेला बोटसुद्धा लावत नसे.

रुपराव जाऊन आता चार वर्षं झाली होती. नत्थूजी एकटाच कामं करी. तरी फ्यूज निघाला की तोंडातून शब्द निघायचाच. उत्तर यायचं नाही, हे ठाऊक असूनही तो घटकाभर थांबे, आणि मग आत जाई.

"कोणाले सांगून राहिले, नत्थूजी?" मार्तंडराव हसत म्हणाले.

"सवय आहे, साहेब. घराले सांगतो, दुसरं काय."

मार्तंडराव बँकेत नोकरीला होते. हुडकेश्वरच्या रस्त्याला शेतं मोडून प्लॉट पडले, तेव्हा त्यांनी एक घेतला आणि त्र्याऐंशीच्या दिवाळीला नव्या घरात राहायला आले. घर चांगलं होतं, पण बाथरूमला खिडकी ठेवायची राहून गेली होती. थंडीत गरम पाण्याची वाफ आत कोंडायची आणि त्यांच्या बायकोचं, देवकीबाईंचं, डोकं उठायचं. एकदा उठलं की दोन दोन दिवस उतरत नसे. डॉक्टरांनी सांगितलं, वाफ नको आणि डोळ्यांवर झगझगीत उजेडही नको. म्हणून भिंतीला भोक पाडून वाफ बाहेर फेकणारा पंखा बसवायचा होता, आणि दिव्यासाठी मंद-तेज करायचं गोल बटन. ते बटन मार्तंडरावांनी मुंबईहून आणवलं होतं. कापसात गुंडाळून डबीत ठेवलं होतं, नथ ठेवावी तसं.

"जमेल न तुम्हाले?" त्यांनी विचारलं.

"दोनदा लावलं आहे असलं. जमते."

२

आता यातलं खरं काम एवढंच असतं. पंख्याची आणि दिव्याची तार भिंतीतल्या एकाच डबीतून निघते, पण पंख्याची तार गोल बटनाच्या आधीच फोडून, म्हणजे वेगळी काढून, घ्यायची. नंतर नाही. नत्थूजीनं मार्तंडरावांना ते समजावून सांगितलं. त्याला समजावून सांगायला आवडे.

"दिव्याले अर्धी वीज द्या, तो गुपचूप मंद जळते. त्याची तक्रार नसते. पण मोटर अर्ध्या विजेवर चालत नाही, साहेब. घुरघुरते, तापते, आणि एक दिवस जळून बसते. म्हणून पंख्याले पुरी लाइन आणि त्याचं बटन अलग. दिवा किती का कमी करा, पंख्याले त्याचं काही घेणं-देणं नाही."

"म्हणजे एका घरात राहून वेगळी चूल."

"हाव, तसंच."

दोन दिवस काम चाललं. परसाकडच्या भिंतीला गोल भोक पाडलं. भोकातून तुरीचं शेत दिसे आणि दुपारचा उजेड आत येऊन फरशीवर गोल थाळीसारखा पडे. पंखा बसला, तारा ओढल्या, सांधे पिळून त्यावर काळी पट्टी गुंडाळली. संध्याकाळी नत्थूजीनं फ्यूज परत बसवला. देवकीबाईही बघायला आल्या.

पंखा चालू केला. छान चालला. दिवा लावला. लागला. मग मार्तंडरावांनी कौतुकानं गोल बटन हळूहळू उलटं फिरवलं. बल्ब पिवळा झाला, मग केशरी झाला.

आणि पंखा हळू झाला.

बटन पुन्हा चढवलं, तर पंखा चढला. उतरवलं, की उतरला.

"वेगळी चूल म्हटली होती न आपण?" मार्तंडराव म्हणाले. "हे तर एका ताटात जेवून राहिले."

नत्थूजीनं फ्यूज काढला, डबी उघडली, टॉर्च धरून एक एक सांधा बघितला. पंख्याची तार बटनाच्या आधीच फोडलेली होती. त्यानं ती बोटांनी सुरुवातीपासून शेवटापर्यंत चाचपली. कुठं चुकलं नव्हतं. पुन्हा लाइन दिली, आणि पुन्हा तेच.

"व्होल्टेज कमी असेल," तो शेवटी म्हणाला. "नव्या प्लॉटांचा ले-आउट आहे. लाइन दुबळी आहे इकडं."

"होऊन जाईल बरोबर," देवकीबाई म्हणाल्या. "जाऊ द्या आता, अंधार पडून राहिला."

सायकलवरून घरी जाताना मात्र त्याच्या मनातून ते जाईना. व्होल्टेज कमी असतं, तर बैठकीतला पंखाही हळू झाला असता. तो नव्हता झाला. त्यानं जाताना मुद्दाम बघितलं होतं.

३

आठव्या दिवशी देवकीबाईंनी निरोप धाडला. नत्थूजी दुपारी पोचला. मार्तंडराव बँकेत होते. बाईंनी चहा दिला आणि स्वतः समोरच्या वेताच्या मोढ्यावर बसल्या.

"हसू नका बरं का, नत्थूजी."

"नाही हसत. सांगा."

"पंखा बोलते."

नत्थूजी खरंच हसला नाही. "घुरघुरते म्हणा. मोटर—"

"मोटर नाही. माणूस. मी दिवा अगदी कमी करते न, तेव्हा पंखा थांबल्यासारखा होते. आणि मागून कोणीतरी एक शब्द म्हणते. एकच. 'ऐकलं.' पहिल्या दिवशी मी गाणं गुणगुणत होती. मले वाटलं, हेच बाहेरून गंमत करून राहिले. म्हटलं, ऐकलं तर कसं वाटलं, ते तरी सांगा!" बोलता बोलता त्या हसल्या, पण हसू लवकर विझलं. "बाहेर येऊन पाहते, तर हे कधीचेच बँकेत गेलेले. मागं नुसतं शेत."

नत्थूजीनं कप खाली ठेवला.

"ह्यांना सांगितलं, तर म्हणतात, तुझ्या डोक्याचा दुसरा डॉक्टर पाहावा लागेल. मोठ्या दवाखान्यातला. तुम्ही काही बोलू नका त्यांच्यापाशी. तेवढं बंद करून द्या बापा, कसंही. मले येडी नाही ठरायचं."

त्यांना काय सांगावं? त्या एका शब्दात काय आहे, हे नागपुरात फक्त दोन माणसांना माहीत होतं आणि त्यातला एक जिवंत नव्हता.

चार वर्षांपूर्वी एका वकिलाच्या घरी दोघं न्हाणीतला दिवा बदलायला गेले होते. बोर्डावर दोन फ्यूज शेजारी शेजारी. दोन्ही पांढरे, सारखेच. खाली रंगानं अक्षरं लिहिलेली. कोणता दिव्यांचा, कोणता मोठ्या लाइनीचा, ते त्या अक्षरांत होतं. नत्थूजीला अक्षर येत नव्हतं.

छप्पन साली दीक्षेनंतर वस्तीत मोठ्या माणसांसाठी वर्ग निघाला होता. रुपराव दोन वर्षं गेला, वाचायला-लिहायला शिकला, आणि पुढं प्रत्येक बोर्डावर फ्यूजखाली स्वतःच्या हातानं नावं रंगवू लागला. नत्थूजी तीन दिवस गेला. चौथ्या दिवशी त्याला फळ्यापाशी बोलावलं, खडूनं नुसती वाकडी रेघ उमटली, मागं कोणीतरी खुसखुसलं. त्यानंतर तो गेला नाही. पण शिकलो नाही, असं त्यानं कोणालाच सांगितलं नाही. चष्मा घरी राहिला, उजेड कमी आहे, असं म्हणत बावीस वर्षं निभावली.

त्या दिवशी वकिलाच्या बोर्डापुढं उभं राहून त्यानं आत आवाज द्यायला हवा होता, 'रुपराव, हे वाच गा.' एवढंच. वकील शेजारी उभे होते. नत्थूजीनं डावा फ्यूज ओढला, कारण दिव्यांचा बहुतेक डावाच असतो. खिशात टाकला. म्हणाला, "लाइन खिशात!"

आतून आलं, "ऐकलं!"

पुढं जे झालं ते ओल्या फरशीवर झालं.

माणसं जमली, पोलीस आले, कोणीतरी विचारलं. नत्थूजीच्या तोंडून गेलं, "त्यानं माझा शब्द ऐकलाच नाही. आधीच हात घातला." एकदा गेलं ते गेलंच. मग सगळेच म्हणू लागले. रुपरावची बायको, बायजाबाईसुद्धा म्हणू लागली, "माणूसच घाईचा होता माझा."

"पाहतो मी," नत्थूजी देवकीबाईंना म्हणाला आणि उठला.

४

त्यानं मेनचा फ्यूज काढला. खिशात टाकला. थाप मारली. आज मात्र तोंड घट्ट मिटून ठेवलं. शब्द जिभेवर आला होता, तो गिळला.

घर शांत झालं. फ्रिजची घरघर थांबली. बैठकीतला पंखा हळूहळू थांबला, ते त्यानं उभं राहून पूर्ण बघितलं. मग तो बाथरूममध्ये गेला.

बल्ब जळत होता.

अगदी मंद. विडीचं टोक अंधारात दिसावं तेवढा. आधी वाटलं, दारातला उजेड काचेवर पडला असेल. त्यानं दार लोटलं. बल्ब तसाच. त्यानं खिसा चाचपला, फ्यूज जागेवर होता. मग तपासायचा दिवा काढला. होल्डरात एक बल्ब आणि त्याच्या दोन मोकळ्या तारा, एवढंच ते हत्यार असतं. स्टुलावर चढून त्यानं तारा सांध्यांना लावल्या. तपासायचा दिवा लागला नाही. तार मेलेली होती.

तारेत जीव नव्हता, आणि त्याच तारेवरचा बल्ब जळत होता.

'वारा असेल,' पंखा फिरू लागला तेव्हा तो स्वतःशी म्हणाला. शेतावरून वारा येतो, पाती फिरतात. यात नवल काय? पण बाहेर फेकायचा पंखा हवा आत आणत होता. चेहऱ्यावर गार हवा येत होती, आणि तिला तुरीच्या शेताचा वास नव्हता. ओल्या चुन्याचा होता. आणि त्याच्यामागं, थोडासा, तेलाच्या रंगाचा. फ्यूजखाली नावं रंगवून झाल्यावर रुपरावच्या बोटांना येई तसा.

तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. दुपारचे तीन वाजले होते. भोकातून उजेडाची थाळी फरशीवर पडायला हवी होती. ती नव्हती. पंख्यामागं शेत नव्हतं. पंख्यामागं अंधार होता, कोणत्या तरी खोलीतला अंधार.

पंखा आणखी हळू झाला. एक पातं गेलं. दुसरं गेलं. तिसरं येण्याआधी जी फट पडली, तिच्यात नत्थूजीला एक तळहात दिसला. उघडा, वर धरलेला, जसा आपण एखादी वस्तू दाखवायला धरतो. तळहातावर पांढरा फ्यूज होता. पातं आलं, गेलं. तळहात तिथंच. मधल्या दोन बोटांची टोकं काळी.

"लाइन खिशात, नत्थू."

आवाज वाईट नव्हता. रागाचा नव्हता. रोजच्या कामातला होता. बोलून तो थांबला, उत्तराची वाट बघत थांबतात तसा.

नत्थूजीचा हात खिशाकडं गेला. खिसा रिकामा होता.

ऐकलं म्हणायचं आणि तारेला हात घालायचा, अशी रीत होती. बावीस वर्षांत रुपरावनं एकदाही दुसऱ्यांदा विचारलं नव्हतं. नत्थूजीचा हात वर गेला, अर्ध्यावर थांबला, आणि मग तो स्टुलावरून कसा उतरला ते त्याचं त्याला कळलं नाही.

बाहेर देवकीबाई उभ्या होत्या. "झालं का?"

"नाही. कोणी आत जायचं नाही, बाई. साहेबांनाही जाऊ देऊ नका." त्यानं कडी घातली, कुलूप मागून घेतलं, लावलं, किल्ली स्वतःजवळ ठेवली. "तुमच्या डोक्याचं काही नाही आहे. मीही ऐकलं. हे माझं आहे. माझ्याकडूनच चुकलेलं आहे."

"आणि फ्यूज? घर सारं बंद आहे, नत्थूजी."

"आणतो," तो म्हणाला.

दाराखालच्या फटीतून केशरी उजेडाची रेघ येत होती.

५

पाचपावलीत, रुपरावच्या घरी, तो पोचला तेव्हा दिवेलागण झाली होती. बायजाबाई दारातच तांदूळ निवडत बसली होती.

"जयभीम, बायजाबाई."

"जयभीम. आज इकडं कसा रस्ता सापडला गा? वर्ष झालं असंल तोंड दाखवून." तिनं त्याच्याकडं नीट पाहिलं. "काय झालं? बसा. पाणी पिता का?"

एकच खोली, कोपऱ्यात मोरी. भिंतीवर बुद्धाची तसबीर. दाराच्या वर छोटा बोर्ड, रुपरावनं बसवलेला, खाली त्याच्या हातची अक्षरं. एक बल्ब, लख्ख जळत होता. या घरात मंद-तेज करायचं बटन नव्हतं, असायचं कारणही नव्हतं.

पाणी पिऊन नत्थूजी म्हणाला, "रुपरावची याद आली."

"येणारच. बावीस वर्षांचा संग." तिनं सुपातला खडा वेचून बाहेर टाकला. "माणूस चांगला होता. घाईचा होता, एवढंच."

"घाईचा नव्हता, बाई."

तिचा हात थांबला.

"त्यानं ऐकलं होतं," नत्थूजी म्हणाला. "मी शब्द दिला आणि त्यानं ऐकलं म्हटलं, मगच हात घातला. मी दुसराच फ्यूज काढला होता. खिशातली लाइन दुसरी होती. मी खोटं बोललो. चार वर्षं."

तिनं सूप बाजूला सरकवलं. बाहेर कोणाच्या तरी रेडिओवर गाणं लागलं होतं, ते संपलं.

"मी लेकाले रोज म्हणते," ती हळू आवाजात म्हणाली, "बापासारखी घाई करू नको. रोज म्हणते." मग तिनं मान वर केली. "पण दुसरा काहून काढला? फ्यूजखाली लिहिलेलं असते न. तिथं नव्हतं लिहिलं?"

"होतं."

"मग?"

मेल्या माणसाबद्दल तो बोलला होता, खोटेपणाबद्दल बोलला होता. एवढंच राहिलं होतं, आणि हेच निघेना.

"घाई झाली," तो म्हणाला. "मलेच घाई झाली."

बल्ब उतरू लागला. फडफडला नाही, विझला नाही. कोणीतरी गोल बटनावर हात ठेवून सावकाश फिरवावं तसा उतरत गेला. पिवळा. केशरी. बायजाबाईनं वर पाहिलं. मोरीतून गार हवा आली आणि नत्थूजीच्या कुडत्याचा उजवा खिसा जड झाला.

त्यानं हात घातला. फ्यूज होता. गरम, कोणाच्या तरी मुठीत दिवसभर असल्यासारखा. मार्तंडरावांकडचा फ्यूज कोरा होता, त्यानं स्वतः काढला होता. याच्या पांढऱ्या पाठीवर तेलाच्या रंगानं बारीक अक्षरं लिहिलेली होती. दोन ओळी.

त्यानं ती वाचतोय असं दाखवलं. सवयीनं डोळे बारीक केले, उजेडाकडं धरलं. चष्मा घरी राहिला, असं ओठांवर आलं.

बल्ब आणखी उतरला.

"बायजाबाई," नत्थूजी म्हणाला, आणि त्याचा आवाज त्या वर्गातल्या फळ्यापुढं होता तसा झाला. "मले वाचता येत नाही. तेव्हाही नव्हतं येत. रुपरावले विचारायची लाज वाटली. वकील उभे होते." त्यानं फ्यूज पुढं केला. "काय लिहिलं आहे, ते वाचून द्या."

तिनं घेतला. तिला रुपरावनंच शिकवलं होतं, बोर्डांवरची अक्षरं गिरवून. तिनं तो केशरी उजेडाखाली धरला, बोट ठेवून एक एक अक्षर ओठांनी लावलं. पहिली ओळ. दुसरी ओळ. पुन्हा पहिली. तिचा चेहरा बदलला. रडायला आल्यासारखा नाही. घरी उशिरा आलेल्या माणसाची चाहूल लागावी, तसा.

"काय आहे?" नत्थूजीनं विचारलं.

"लाइन खिशात. आणि खाली, घाई नव्हती," तिनं वाचलं. फ्यूज पदराच्या टोकात बांधला आणि गाठ दोनदा ओढली. नत्थूजीकडं तिनं पाहिलंच नाही. त्याच्या खांद्यावरून, मागं, मोरीच्या अंधाराकडं ती बघत होती. नत्थूजीची मान वळेना. मानेवर गार हवा येत होती आणि तिला ओल्या चुन्याचा वास होता.

"हो जी," बायजाबाई म्हणाली, रोज संध्याकाळी नवऱ्याशी बोलावं तशी. "ऐकलं."